समुद्राचं ऐकून थांबवलेली पेरणी

वर्तमानपत्रात एखाद्या लेखाखाली ‘उत्तरार्ध पुढील रविवारी’ असं छापलेलं दिसलं की मी पेपर मिटून ठेवते. घरातल्यांना हा माझा तऱ्हेवाईकपणा वाटतो. मागच्या महिन्यात पुन्हा तसंच झालं. अटलांटिक महासागरात उत्तरेकडे गरम पाणी वाहून नेणारा मोठा प्रवाह दुबळा होत चालला आहे, तो आणखी मंदावला तर युरोपात थंडी वाढेल, पावसाचे पट्टे सरकतील, आपल्या मोसमी पावसालाही धक्का बसू शकेल, असं पहिल्याच परिच्छेदात होतं. उभी हयात भूगोल शिकवण्यात घालवलेल्या बाईनं असा लेख अधाशासारखा वाचायला हवा. मी वाचतही होते. मग नजर खाली गेली, ‘उत्तरार्ध’ हा शब्द दिसला आणि मी पेपर मिटला. उठले, दोनदा गच्चीवर जाऊन आले, चहा गॅसवर ठेवला आणि विसरले. अर्ध्या लेखाच्या जोरावर मी एकदा एका बाईची पेरणी थांबवली होती.

ती नामांतराची वर्षं होती. चुडाव्याच्या स्टेशनपासून दोन कोसांवरच्या एका गावात मी हायस्कूलला भूगोल शिकवायचे. विद्यापीठाच्या नावावरून आमच्या स्टाफरूममध्ये दोन गट पडले होते. एकाच किटलीतला चहा पिणारी माणसं आता एकमेकांकडे पाठ करून बसायची. मी नाव बदलावं या बाजूची होते आणि ते बोलूनही दाखवायचे, त्यामुळे माझ्याशी बोलणारे कमीच होते. तशीही मी फटकळ म्हणून प्रसिद्ध. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाकीचे शिक्षक आपापल्या गावी जायचे. माझं भावाशी बिनसलेलं, म्हणून मी खोलीवरच राहायचे आणि उकाड्यात येरझाऱ्या घालायचे.

खोली मावशींची होती. नात्यानं त्या माझ्या कुणी नव्हत्या, घरमालकीण होत्या, पण पहिल्या दिवसापासून मी त्यांना मावशी म्हणत आले आणि त्या मला बाई म्हणत. सहा एकर काळं रान, एक बैल आणि एक लेक एवढा त्यांचा संसार. मालक कधीच गेले होते. नांगर-तिफणीला दोन बैल लागतात, म्हणून शेजारच्या दाजींचा एक आणि मावशींचा एक अशी जोडी जुंपून दोघं आळीपाळीनं आपापली रानं करायची. पेरताना दाजी बैल हाकायचे आणि मावशी तिफणीमागं चालत चाड्यात बी सोडायच्या. चाडं म्हणजे तिफणीवरचं लाकडी वाटीसारखं तोंड, ज्यातून दाणे नळ्यांत उतरतात. गावात म्हणायचे, मावशीच्या मुठीतून दाणा मोजून सुटतो.

आदल्या वर्षी पाऊस वाईट झाला होता. कापूस गुडघ्याच्या वर गेला नाही. दसरा झाल्यावर मावशी आणि लेक ऊसतोडीला गेल्या. तोडीवर माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे दोन माणसं, एकानं तोडायचं, दुसऱ्यानं पाला काढून मोळ्या बांधायच्या. बहुतेक कोयते नवरा-बायकोचे. मावशींचा कोयता माय-लेकीचा होता. त्यामुळे मावशी गेल्या की लेकीला जावंच लागे, अर्धा कोयता कुठलाही मुकादम घेत नाही. लेकीची नववी अशी अर्धी उसाच्या फडात गेली. चैत्रात परत आल्यावर मी हेडमास्तरांशी भांडून तिची वेगळी परीक्षा घेतली आणि तिला दहावीत बसवलं.

ती पोरगी हुशार होती, आणि मला हुशार मुलांपुढे धीर धरवत नाही. एकदा मी भिंतीवरच्या नकाशात पेरू देश दाखवत होते. आपल्या शाळेच्या नकाशात अमेरिका डाव्या कडेला असते, त्यामुळे पेरूच्या पुढचा समुद्र कडेलाच तुटतो. ही उठली, नकाशा खिळ्यावरून काढला, त्याची गुंडाळी केली आणि दोन्ही कडा जुळवून म्हणाली, ‘बाई, हे पाणी तर हिकडून आपल्याच बाजूला यायलंय.’ वर्ग हसला. मी हसले नाही. मला त्या दिवशी रात्रीपर्यंत काही सुचलं नाही, हिची दहावी व्हायलाच पाहिजे एवढंच डोक्यात घुमत राहिलं. मावशींनीही कबूल केलं होतं, ‘औंदा कापूस आला तर तोडीला जायाचं न्हाई. पोरीला दहावी करू द्यायची.’

आणि त्या उन्हाळ्यात तो लेख आला. पेपर आमच्या गावात एसटीनं यायचा, संध्याकाळपर्यंत. रविवारच्या पुरवणीत अर्धं पान भरून पेरूच्या किनाऱ्याबद्दल लिहिलं होतं. तिथं समुद्राच्या तळातलं थंड पाणी वर येत राहतं, त्या थंड प्रवाहावर कोट्यवधी मासे जगतात. काही वर्षी समुद्रावरचे वारे मंदावतात, थंड प्रवाह दुबळा होतो, गरम पाणी पसरतं. मासे नाहीसे होतात. जिथं कधी पाऊस पडत नाही तिथं पूर येतात, आणि हजारो कोस लांब हिंदुस्थानात पावसाची वाट बघत बसावं लागतं. गेल्या वर्षी हेच झालं, आणि प्रवाह अजून सावरलेला नाही, असं लेखकानं लिहिलं होतं. खाली छापलं होतं, उत्तरार्ध पुढील रविवारी.

मी तो लेख चार वेळा वाचला. गेल्या वर्षी मावशींच्या रानात कापूस का वाढला नाही, पोरगी फडात का गेली, याचं कारण मला छापील अक्षरांत सापडलं होतं. आमच्या दुष्काळाचा पत्ता थेट दुसऱ्या महासागरात निघतो याचं मला भय वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त मिजास चढली. गावात हे माहीत असलेली मी एकटी होते.

दुसऱ्या दिवशी मावशी अंगणात सरकी चोळत होत्या. सरकीला कापसाचे बारीक तंतू चिकटलेले असतात, ते शेणमातीत चोळून बी वाळवावं लागतं, तरच चाड्यातून एकेक दाणा मोकळा पडतो. बाजेवर जुनं लुगडं पसरून त्यांनी ती राखी रंगाची सरकी वाळत घातली होती.

‘काय वाचायलाव बाई, सकाळधरनं?’ त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. अंगणात खडूनं पेरू काढला, समुद्र काढला, बाण काढले. लेक शेजारी बसून ऐकत होती आणि मी चुकवलेला एक बाण तिनं बोटानं पुसून उलटा केला. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘आन् तितल्या कोळ्यांचं काय झालं मंग?’

‘त्यांच्या जाळ्यात मासेच नाहीत.’

‘म्हंजी ते बी कुटंतरी ऊस तोडाया गेले असतील,’ असं म्हणून त्या पुन्हा सरकी चोळू लागल्या.

मी जरा चिडले. एवढी मोठी गोष्ट सांगितली आणि यांनी कोळ्यांचं विचारलं.

पुढच्या रविवारी पेपर आलाच नाही. नामांतराचा बंद होता, रस्त्यावर टायर जळत होते, तीन दिवस एकही एसटी धावली नाही. मी रोज फाट्यावर जाऊन उभी राहायचे आणि टपरीवाल्याला छळायचे. चौथ्या दिवशी त्या दिवसाचा पेपर आला. रविवारचा गठ्ठा मागं कुठं तरी डेपोत पडून राहिला असणार. तो मागवून घ्यावा हे मला सुचलं नाही. उत्तरार्धात काय असणार हे मला ठाऊकच होतं. पूर्वार्ध एवढा स्पष्ट होता की पुढचं मी स्वतःच लिहू शकले असते.

मग रोहिणी लागल्या. आमच्याकडं कापसाची धूळपेरणी तेव्हा करतात, म्हणजे पाऊस यायच्या आत, कोरड्या धुळीतच बी टाकून ठेवायचं. मृगात पाऊस वेळेवर लागला तर त्या कापसाला कुणी गाठू शकत नाही. पाऊस लांबला तर बी मुंग्या नेतात, उरलेलं मातीत भाजून निघतं. दरवर्षी हा जुगार असतो आणि दरवर्षी लोक तो खेळतात. दाजींनी दोन दिवसांत आपलं रान धूळपेरून टाकलं आणि सकाळी बैल घेऊन मावशींच्या दारात आले.

मी खोलीतून बाहेर आले. मला कुणी विचारलं नव्हतं.

‘मावशी, या वर्षी धूळपेर करू नका,’ मी म्हणाले. ‘पाऊस पडू द्या, मग पेरा.’

‘लोकं तर पेरायलेत,’ मावशी म्हणाल्या.

‘लोकांनी समुद्राचं वाचलेलं नाही.’

दाजी हसले. मावशी हसल्या नाहीत. ‘आन् मिरगात लागला तर?’

‘नाही लागणार. तो प्रवाह सावरलेला नाही. मावशी, पोरीची दहावी आहे. बी मातीत मेलं तर दुसरं आणणार कुठून? मग तोड आलीच तुमच्या मागं.’

मावशींनी बाजेवरच्या लुगड्याची चार टोकं गोळा केली, गाठ मारली आणि गाठोडं उचलून घरात ठेवलं. दाजींना म्हणाल्या, ‘थांबावं म्हंते औंदा. बाईनं वाचलंय.’ दाजी बैल घेऊन माघारी गेले. मी त्या दिवशी फार खूश होते, जेवण नेहमीपेक्षा दोन घास जास्त गेलं हेही आठवतं.

मृगाच्या तिसऱ्या दिवशी पाऊस लागला.

पहिले दोन दिवस मी स्वतःची समजूत घातली की हा फसवा आहे, थांबेल. चौथ्या दिवशी दाजींच्या रानात हिरवे ठिपके दिसले. पाऊस थांबला नाही. रोज यायचा, कधी सकाळी, कधी दुपारी, आणि भरपूर यायचा. काळी जमीन ओली झाली की पाय घोट्यापर्यंत आत जातो, तिफण चालणं लांबच. पाऊस उघडून जमीन चिखलही नाही आणि कोरडीही नाही अशी झाली की त्याला वापसा म्हणतात, आणि वापसा आल्याशिवाय पेरता येत नाही. मावशी रोज सकाळी रानात जायच्या, मूठभर माती उचलून दाबायच्या, मातीचा गोळा व्हायचा, तो टाकून परत यायच्या. पायाचा चिखल अंगणातल्या दगडावर खरवडायच्या, तो आवाज मला खोलीत ऐकू यायचा. एकदा दुपारी ऊन पडलं तेव्हा मीही रानात गेले आणि त्यांच्यासारखी माती दाबून बघितली. बोटांच्या फटीतून ती बाहेर आली. मी तिथंच उभी राहून स्वतःला शिव्या दिल्या.

मधल्या बांधावर उभं राहिलं की एका बाजूला दाजींच्या ओळी वीतभर झालेल्या, दुसऱ्या बाजूला मावशींचं सहा एकर तसंच काळंभोर. साऱ्या शिवारात तेवढाच तुकडा उघडा. येणारा-जाणारा विचारायचा, ‘मावशीचं कामून राह्यलंय?’ आणि दाजी सांगायचे, ‘बाईच्या समुद्रानं थांबवलंय.’ शाळेतही पोहोचलं. स्टाफरूममध्ये ज्यांनी वर्षभर माझ्याशी तोंड उघडलं नव्हतं, ते गणिताचे सर मुद्दाम जवळ येऊन म्हणाले, ‘काय बाई, आज पेरूत काय हवामान?’

वापसा आला तेव्हा आषाढ संपत आला होता. मावशींनी पेरलं, पण कापसाला तो उशीर होता.

श्रावणात मला एका प्रशिक्षणासाठी परभणीला जायचं होतं. दुपारच्या सुट्टीत मी वाचनालयात गेले आणि जुन्या पेपरांची फाइल मागितली. उत्तरार्ध तिसऱ्या पानावर होता. लेखकानं लिहिलं होतं की पेरूचा प्रवाह दुबळा झाला म्हणजे आपल्याकडं पाऊस बुडतोच असं नाही. काही वर्षी बुडाला, काही वर्षी नाही. आणि थंड पाणी पुन्हा वर येऊ लागलं की पुढचा पावसाळा उलट चांगलाही जातो, आताही तशी चिन्हं दिसत आहेत. शेवटचं वाक्य असं होतं की या माहितीवरून कुणी एका गावाच्या पावसाचा अंदाज बांधू नये.

मी ती फाइल मिटली आणि दुपारचं सत्र बुडवून स्टेशनवर जाऊन बसले. मला लाज वाटत होती, आणि ती कुणाला सांगताही येत नव्हती. गाडी येईपर्यंत मी ठरवलं होतं की मावशींना आजच सांगायचं. घरी पोहोचले, त्यांनी हातात पाण्याचा तांब्या दिला आणि मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नंतर तर सांगण्यासारखी वेळच येत नाही असं मी स्वतःला पटवलं.

मावशींच्या कापसाला बोंडं धरली ती थंडीच्या तोंडावर, त्यातली निम्मी उमललीच नाहीत. दाजींच्या घरात छताला टेकेल एवढा कापूस भरला होता. दिवाळीच्या चौथ्या दिवशी मावशींनी पितळी भांडी कोनाड्यात पालथी घातली, आणि त्या तोडीला निघाल्या हे मला कळलं. लेकीनं पुस्तकं पोत्यात भरली. बोर्डाचा फॉर्म मी आधीच भरून तिची सही घेऊन ठेवली होती. ट्रकमध्ये चढताना ती म्हणाली, ‘बाई, मी आभ्यास करीन. पर परीक्षेला आले तर आईचा कोयता मोडंल.’ तेरा-चौदा माणसं ट्रकमध्ये बसलेली होती, शेळ्या होत्या, कोंबड्या होत्या, आणि सगळे आमच्याकडं बघत होते.

हिवाळाभर मी तिला दर आठवड्याला पोस्टकार्ड पाठवलं. एका कार्डावर पाच प्रश्न. उत्तरं यायची, कधी उसाच्या चिकटानं डागाळलेली. बीजगणितात ती चुकायची, भूगोलात नाही. पण परीक्षेला येईन असं एकाही कार्डात नव्हतं.

मार्च जवळ आला तसं मला शाळेत बसवेना. वर्गात शिकवता शिकवता खडू मोडायचे. शेवटी मी हेडमास्तरांपुढं रजेचा अर्ज ठेवला. ऐन परीक्षेच्या दिवसांत पर्यवेक्षणाला बाई नाहीत म्हटल्यावर ते लालबुंद झाले. कारण काय, विचारलं. मी म्हणाले, ‘ऊस तोडायला जायचंय.’ त्यांना थट्टा वाटली. अर्जावर सही करण्याआधी त्यांनी दोनदा चष्मा पुसला.

गोदावरी ओलांडून, दोन एसट्या बदलून मी त्या फडावर पोहोचले. उसाच्या वाळक्या पाल्याच्या कोप्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्या, रांगेनं उभ्या होत्या. मावशी आणि लेक फडात होत्या. मी मुकादमाला म्हणाले, परीक्षेचे दिवस पोरीला सोडा, तिच्या जागी मी आहे. तो माझ्या इस्त्रीच्या साडीकडं बघत राहिला.

‘बाई, हे काय शाळेचं स्नेहसंमेलन हाय व्हय?’ त्यानं विचारलं.

‘कोयत्याला दोन माणसं लागतात ना? मी दुसरं माणूस.’

‘मोळी उचलंल का तुमच्यानं?’

‘नाही उचलली तर मावशींचं काम कमी भरेल. कोयता तर मोडणार नाही.’

त्यानं मावशींकडं बघितलं. मावशी म्हणाल्या, ‘राहू द्या त्यानला.’ लेकीनं पुस्तकांचं पोतं उचललं. जाताना मला विचारलं, ‘बाई, तुमी खरंच ऱ्हानार?’ मी तिला ओरडले, एसटी चुकेल म्हणून. घरी दाजींची बायको तिचं जेवण बघणार होती, आणि वर्गातल्या मुलींबरोबर ती चुडाव्याहून रेल्वेनं केंद्रावर जाणार होती.

मी त्या कामात किती निरुपयोगी होते ते सांगायला आजही कमीपणा वाटतो. उसाचं पान कापतं हे मला पुस्तकातूनही माहीत नव्हतं. पहिल्याच दिवशी दोन्ही हातांवर आणि गालावर रेघा उठल्या. मावशी वाकून कोयत्यानं ऊस बुंध्यातून तोडायच्या आणि मागं टाकायच्या, मी पाला काढून, शेंड्याच्या हिरव्या वाढ्याचा पिळा करून मोळी बांधायची. माझी मोळी डोक्यावर घेताच सुटायची. फळीवरून ट्रकमध्ये मोळी चढवणं तर मला एकदाही जमलं नाही, ते शेजारच्या कोयत्यावरचा माणूस करायचा आणि त्याची बायको पदर तोंडाला लावून हसायची. पण मी वेगानं काम करायचे. डोक्यात एकच चालू असायचं, आज मराठी, आज बीजगणित, आता तिला प्रश्नपत्रिका मिळाली असेल.

भूगोलाच्या पेपरच्या दिवशी मला राहवलं नाही. हातातला पाला टाकून मी मावशींना सगळं सांगितलं. दुसरा लेख होता, बंदमुळं आला नाही, नंतर मी तो परभणीत वाचला, त्यात असं असं होतं, आणि मी श्रावणापासून लपवून ठेवलं. बोलताना मला रडू आलं. मावशी तोडतच होत्या. माझं संपल्यावर त्यांनी पाठ सरळ केली.

‘मला तुमच्या समुद्राचं काय बी कळलं नव्हतं बाई,’ त्या म्हणाल्या. ‘त्यानं मी थांबले न्हाई. मी पेरणारच व्हते. तुमी पोरीचं नाव घेतलं, आन् माझा हात आकडला.’

मला वाटत होतं मी त्यांना ज्ञान दिलं आणि ते चुकीचं निघालं. मी त्यांना भीती दिली होती, आणि ती बरोबर जागी लागली होती.

‘वाढं नीट पिळा,’ मावशी म्हणाल्या, ‘मोळी सुटायलीय.’

लेक पास झाली. फार चांगले गुण नव्हते, पण पास झाली. पुढं बारावी झाली, आणि आता त्याच गावात अंगणवाडी सांभाळून ते सहा एकर तीच बघते. अटलांटिकच्या लेखावरून मला फोन तिनंच केला. ‘बाई, खरंय का हे? आपला पाऊस बी जाईल?’ मी तिला म्हणाले की दोन्ही भाग वाचून सांगते. पुढच्या रविवारी पेपर उशिरा आला तर मी स्टँडवर जाऊन घेऊन आले, आणि उत्तरार्ध वाचला. प्रवाह दुबळा होतोय याबद्दल त्यात शंका नव्हती. किती, कधी, आणि कुणाच्या रानावर काय, यावर जाणत्यांचंही एकमत नव्हतं. पूर्वार्धानं घाबरले होते, उत्तरार्धानं जास्त घाबरले, कारण आता थांबा असंही सांगता येत नव्हतं आणि पेरा असंही. तेव्हा मला तिच्या दहावीनंतरच्या रोहिणीतली, तिच्या आईबरोबरची एक सकाळ आठवली, आणि मी फोन करून तिला तेवढी सकाळच सांगितली.

त्या सकाळी बाजेवर सरकी वाळली होती, दाजी बैल घेऊन दारात उभे होते. मी मुद्दाम खोलीचं दार लोटून घेतलं होतं. मावशींनी ते ढकललं.

‘बाई, औंदा काय म्हंतोय तुमचा समुद्र?’

त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती, म्हणून मला जास्त लागलं. ‘मला ठाऊक नाही, मावशी,’ मी म्हणाले. ‘तुम्हाला काय वाटतं?’

‘मला वाटतंय पेरावं.’

‘मग पेरा.’

‘पेरते. पर चाडं तुमी धरा. चुकलं तर दोघींचं चुकू द्या.’

तिफणीमागं मी दिवसभर चालले. मूठ कशी सोडायची ते त्यांनी माझं मनगट धरून शिकवलं. त्या वर्षी पाऊस लांबला. वरच्या पट्टीतलं बी मुंग्यांनी नेलं, मधल्या ओळीत चार-चार हातांवर नांग्या पडल्या, म्हणजे बी न उगवलेल्या मोकळ्या जागा. मावशींनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. पाऊस होऊन वापसा आला त्या दिवशी रविवार होता. दिवस उजाडताच त्यांनी दार वाजवलं, माझ्या ओच्यात मूठभर सरकी टाकली आणि म्हणाल्या, ‘चला बाई नांग्या भराया. तुमचं बी चुकलंय.’